नरक खरा की प्रतीक? स्वतः बायबल उघडून बघायचं असेल तर अशी सुरुवात करा

पप्पा गेले त्यानंतर महिनाभरानं कळव्याला आमच्या घरी प्रार्थना सभा ठेवली होती. बाहेरून आलेले एक वक्ते बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या अध्यायावर बोलले. श्रीमंत माणूस, त्याच्या दाराशी पडलेला भिकारी लाजर, मेल्यावर श्रीमंताभोवतीच्या ज्वाला, जिभेवर पाण्याचा एक थेंब मिळावा म्हणून त्यानं केलेली विनवणी. बोलणं दणदणीत झालं. पप्पा शेवटची बारा वर्षं चर्चची पायरी चढले नव्हते, हे त्या वक्त्यांना माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. सगळे चहा घेऊन गेल्यावर ती कप विसळता विसळता म्हणाली, "तुझे पप्पा आत्ता कुठे असतील रे?"

मला काही सांगता आलं नाही. लहानपणापासून संडे स्कूल, कॉटेज मीटिंग, उपास, सगळं केलेलं; पण नरकाबद्दल बायबल नेमकं काय म्हणतं हे मी स्वतः कधी उघडून बघितलं नव्हतं. पुढची जवळजवळ दोन वर्षं ठाणे-तुर्भे लोकलमध्ये जाता-येता तेच केलं. अर्धा वेळ चुकीच्या वाटेनं गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगतो, मी पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, सेमिनरीत (धर्मगुरूंच्या कॉलेजात) शिकलेलो नाही. तुर्भ्याला एका कंपनीचं स्टोअर्स सांभाळतो. त्यामुळे माझी पद्धत स्टोअरकीपरची आहे: आधी माल ओळखायचा, मग भाव करायचा.

काय काय लागेल

- मराठी बायबलची दोन वेगवेगळी भाषांतरं. एक घरातलं नेहमीचं, बायबल सोसायटीचं. दुसरं सोप्या मराठीतलं. मोबाईलवर फुकट मिळतात.
- एक इंग्रजी किंग जेम्स बायबल, १६११ चं भाषांतर. इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल, फक्त शब्द ताडून बघायला हवं.
- स्ट्राँग नंबर दाखवणारं एखादं ॲप किंवा साइट. मूळ हिब्रू-ग्रीकमधल्या प्रत्येक शब्दाला एक क्रमांक दिलेली ही यादी १८९० साली छापली गेली आणि आजही चालते. म्हणजे आमच्या स्टोअर्समधला पार्ट नंबरच म्हणा: डब्यावरचं लेबल काहीही असो, आतला माल नंबरावरून कळतो.
- एक दोनशे पानी वही आणि पेन्सिल. पेन नको. खोडाखोड भरपूर होते.

हिब्रू किंवा ग्रीक यायला हवं असं काही नाही. मला आजही येत नाही.

१. आधी प्रश्नाचे तीन तुकडे करा

"नरक शब्दशः खरा की प्रतीकात्मक?" असं एका दमात विचारलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, देवाचं वचन आहे, जसं लिहिलंय तसंच. दुसरा म्हणतो, ते सगळं नुसतं भीती घालायला. दोघंही तीन वेगळे प्रश्न एका पिशवीत कोंबतात. वहीत तीन रकाने पाडा:

अ) आग, किडे, अंधार ही वर्णनं शब्दशः घ्यायची का?
ब) मरणानंतर न्याय आणि शिक्षा खरोखर आहे का?
क) ती शिक्षा कधीच संपत नाही का?

'अ'ला नाही म्हणणारा माणूस 'ब' आणि 'क'ला ठणकावून हो म्हणू शकतो. सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिन असाच होता. आग ही उपमा आहे असं तो मानायचा, पण नरक आणि त्याचा अंत नसणं यात त्यानं तसूभरही सूट दिली नाही. उलट बाजूनं, आग खरीखुरी मानणारेही असे आहेत जे म्हणतात की तिच्यात पडलेलं जळून संपतं, म्हणजे 'क'ला नाही. हे रकाने मी पहिल्याच दिवशी पाडले असते, तर निम्मे वाद टळले असते.

२. डोक्यात आधीपासून टांगलेली चित्रं उतरवा

डोळे मिटा आणि 'नरक' म्हणा. काय दिसतं? मला तेलाची कढई दिसायची. खाली जाळ, वर कढई, बाजूला गदा घेतलेला यमदूत. ही कढई बायबलमध्ये कुठेही नाही. ती जत्रेत मिळणाऱ्या रंगीत तक्त्यातून माझ्या डोक्यात आली. हिंदू वस्तीत वाढलो. शेजारच्या काकांचे दिवस झाले तेव्हा गरुडपुराण लागलं होतं, तेही कानावर पडलेलं. भागवत पुराणात २८ नरक सांगितलेत: रौरव, कुंभीपाक, असिपत्रवन वगैरे. पण तिथली कल्पना मुळात वेगळी आहे. ते नरक कायमचे नसतात. पापाचा हिशेब फिटला की जीव पुढच्या जन्माला जातो.

मराठीत बायबल आणणाऱ्यांनी 'नरक' हा तयार शब्द उचलला. दुसरा होता कुठे? पण शब्दाबरोबर कढईही आली. आमच्या खालच्या मजल्यावर गोव्याच्या एक आंटी राहतात, कॅथॉलिक. त्यांच्या कोंकणीत हेलला म्हणतात यमकोंड. रोज रोझरी म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी यम! त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या, म्हणाल्या, "आता इतक्या वर्षांनी त्याला कुठे हाकलू?"

दुसरी चित्रं पश्चिमेकडून आली. नरकाचे एकाखाली एक थर, प्रत्येक पापाला वेगळी शिक्षा, ही मांडणी इटलीतल्या दान्ते या कवीची आहे, बायबलची नाही. दान्ते वारला १३२१ साली. त्याच वर्षी आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक मारले गेले होते. म्हणजे दान्तेचं काव्य इटलीबाहेर पसरायच्या आधीच ठाण्यात ख्रिस्ती माणसं होती आणि त्यांचा नरक दान्तेशिवाय चालत होता. (याचा मुद्द्याशी फारसा संबंध नाही, पण तलावपाळीच्या बाकावर बसून हे वाचलं तेव्हा मजा वाटली.)

वहीच्या एका पानावर डोक्यातली सगळी चित्रं लिहा आणि प्रत्येकापुढे वचन शोधा. वचन सापडलं नाही तर काट मारा. माझ्या चौदातल्या नवांवर काट बसली.

३. एका लेबलाखालचे चार माल वेगळे करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. भाषांतरांमध्ये 'नरक', 'अधोलोक', 'हेल' अशा शब्दांमागे मुळात चार वेगळे शब्द आहेत.

शेओल (हिब्रू, क्रमांक ७५८५). जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूच्या आधीच्या भागात, ६५ वेळा. अर्थ साधारण मेलेल्यांचं ठिकाण, खाली, अंधारात, शांत. चांगले-वाईट सगळे तिथेच जातात. योसेफ मेला असं वाटून याकोब म्हणतो की मी शोक करत शेओलात माझ्या मुलाकडे जाईन (उत्पत्ती ३७:३५). ईयोब तर देवाला विनवतो की मला शेओलात लपवून ठेव (ईयोब १४:१३). यातनांच्या जागी लपायला कोण जाईल? मराठीत बहुतेक ठिकाणी याला अधोलोक म्हटलंय, ते बरं झालं. किंग जेम्समध्ये मात्र हा एकच शब्द ३१ वेळा 'हेल', ३१ वेळा 'ग्रेव्ह' आणि ३ वेळा 'पिट' असा आलाय. माणूस चांगला असला की कबर आणि वाईट असला की हेल, असाच काहीसा हिशेब दिसतो. इंग्रजी पुस्तकं वाचून मराठीत उपदेश करणारे इथेच फसतात.

हेडिस (ग्रीक, क्रमांक ८६). नव्या करारात, म्हणजे येशूपासून पुढच्या भागात, १० वेळा. शेओलचा ग्रीक भाऊ. या दहांपैकी ज्वाला आणि यातना आहेत त्या एकाच ठिकाणी, लूक १६ मध्ये. आमच्या घरी झालेला उपदेश नेमका त्यावरच.

गेहेन्ना (ग्रीक, क्रमांक १०६७). १२ वेळा, त्यातले ११ प्रभू येशूच्या तोंडी, मत्तय, मार्क आणि लूकमध्ये, आणि एक याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा, नव्या करारातला), जिथे जिभेबद्दल लिहिलंय. ज्याला आपण खरोखर 'नरक' म्हणतो तो हा. नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषित पौलाच्या एकाही पत्रात हा शब्द नाही. प्रेषितांच्या कृत्यांमधल्या एकाही भाषणात नाही. हे कळलं तेव्हा मी गाडीत दोनदा तपासलं आणि कोपरखैरणे कधी गेलं ते कळलं नाही.

टार्टारस (क्रमांक ५०२०). क्रियापदाच्या रूपात एकदाच, २ पेत्र २:४ मध्ये, आणि तेही पाप केलेल्या देवदूतांबद्दल. माणसांशी संबंध नाही.

आता कामाला लागा. ज्या वचनात नरक किंवा अधोलोक दिसेल तिथे क्रमांक बघा आणि समासात पेन्सिलीनं शे, हे, गे लिहा. दोन-तीन रविवार पुरतात.

सापळा: "बायबलमध्ये नरक अमुकतमुक वेळा आलाय" अशी आकडेवारी कुणी फेकली, तर आधी विचारा, कोणता शब्द? चारही एकत्र मोजून काढलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

आणि शेवटी प्रकटीकरण २०:१४ वाचा. तिथे मरण आणि अधोलोक ही दोन्ही अग्नीच्या सरोवरात टाकली जातात. अधोलोक आणि अंतिम शिक्षा एकच असती, तर नरक नरकात टाकला असं म्हणावं लागेल.

४. हिन्नोमच्या खोऱ्यात जाऊन या

गेहेन्ना ही मुळात खरीखुरी जागा आहे, यरुशलेमच्या दक्षिणेला लागून असलेलं हिन्नोमचं खोरं. म्हणजे 'शब्दशः' अर्थ घ्यायचाच झाला तर नरकाचा पत्ता देता येतो, आणि तिथे आज हिरवळ आहे.

नाव बदनाम का झालं ते जुन्या करारात आहे. आहाज आणि मनश्शे या राजांनी तिथे आपली मुलं आगीत होम केली (२ इतिहास २८:३ आणि ३३:६). योशीया राजानं ती जागा भ्रष्ट करून टाकली, पुन्हा कुणी तसं करू नये म्हणून (२ राजे २३:१०). यिर्मया या संदेष्ट्यानं सांगितलं की एक दिवस या खोऱ्याला कत्तलीचं खोरं म्हणतील (यिर्मया ७:३१-३२). येशूच्या काळातल्या ज्यू माणसाला गेहेन्ना म्हटल्यावर हे सगळं आठवायचं. आपल्याकडे एखाद्या गावाचं नुसतं नाव घेतलं की तिथली जळालेली वस्ती डोळ्यापुढे येते, तसं.

इथे माझी फजिती सांगतो. सगळीकडे वाचलं होतं की हिन्नोम हे येशूच्या काळी यरुशलेमचं डंपिंग ग्राउंड होतं, कचरा सतत जळायचा, म्हणून न विझणारी आग. मला ते पटकन भिडलं, कारण कळव्याला यायच्या आधी आम्ही दिव्याला राहायचो. दिवा डंपिंगला आग लागली की कळायचं: धूर खिडक्या बंद केल्या तरी आत, दोरीवरच्या चादरींना वास, आईचा खोकला. वरून पाणी मारलं तरी आतून धुमसतच राहायचं. बायबल स्टडीत मी हे असं काही रंगवून सांगितलं की दोघीतिघींनी मान डोलावली. मग एक निवृत्त शिक्षक शांतपणे म्हणाले, "उदाहरण छान आहे. पण तिथे डंपिंग होतं हे कुठे लिहिलंय?"

शोधलं. बायबलमध्ये नाहीच. त्या काळच्या लेखनातही सापडत नाही. ही माहिती प्रथम देणारे दावीद किम्ही हे रब्बी (ज्यू धर्मगुरू) सुमारे १२०० साली होऊन गेले, येशूनंतर हजारापेक्षा जास्त वर्षांनी, आणि तेही फ्रान्सच्या दक्षिण भागात. म्हणून वहीत लिहून ठेवा: मुलांचा होम आणि यिर्मयाचा शाप, पक्का, कचऱ्याचा ढीग, कच्चा.

तरी दिव्याचा धूर अगदीच वाया गेला नाही. 'न विझणारी आग' म्हणजे काय, ते मी त्यातून शिकलो. आगवाल्यांना विझवता येत नव्हती, हे खरं. पण जळायचं ते जळून गेल्यावर ती थंड व्हायची, हेही खरं. यिर्मया १७:२७ मध्ये यरुशलेमच्या वेशींना न विझणारी आग लावीन असं देव म्हणतो. ती लागली. आज जळत नाही. 'विझवता न येणारी' आणि 'कधीच न संपणारी' या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, एवढं लक्षात ठेवून पुढे चला.

आणि एक. १९७९ साली याच खोऱ्याच्या कडेला एका थडग्यात चांदीच्या दोन छोट्या गुंडाळ्या सापडल्या. त्यावर गणना ६ मधला आशीर्वाद कोरलेला आहे, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो" हा. बायबलचा आजवर सापडलेला सर्वात जुना मजकूर तोच. उपासना संपताना आपण कितीदा ऐकतो! तो सापडला गेहेन्नाच्या काठावर.

५. उतारा कोणत्या जातीचा आहे ते बघा

दृष्टांत, दर्शन, कविता आणि सरळ शिकवण एकाच चष्म्यानं वाचता येत नाहीत.

लूक १६ हा दृष्टांतांच्या रांगेत येतो. श्रीमंत माणूस ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याच्याशी दरीपलीकडून बोलतो, एका थेंबानं जीभ गार होईल असं त्याला वाटतं. शब्दशः घेतलं तर स्वर्गातल्यांना नरकातल्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात असं धरावं लागेल. गोष्टीचा रोख दाराशी पडलेल्या उपाशी लाजरावर आहे, ज्याच्याकडे त्यानं जन्मभर ढुंकून पाहिलं नाही. उलट बाजूचाही मुद्दा लिहा: इतर कोणत्याही दृष्टांतात पात्राला नाव नाही, इथे आहे, म्हणून काही जण ही खरी घटना मानतात.

मग अंधार आणि आग. मत्तय ८:१२ मध्ये बाहेरचा अंधार, १३:४२ मध्ये अग्नीची भट्टी. यहूदाच्या छोट्याशा पत्रात सातव्या ओवीत आग, तेराव्या ओवीत काळोख. दोन्ही शब्दशः घेतली तर एकमेकांत बसत नाहीत. प्रतिमा मानली तर बसतात: एक नाश सांगते, दुसरी बाहेर टाकलं जाणं.

मार्क ९:४८ मधला न मरणारा किडा यशया ६६:२४ मधून घेतलाय. तिथे जाऊन वाचा. किडे आणि आग प्रेतांवर आहेत, जिवंत माणसांवर नाहीत. मी हे तीस वर्षं उलटं समजत होतो.

सापळा: प्रतीक म्हणजे खोटं किंवा सौम्य, असं धरून बसू नका. "त्याच्या बोलण्यानं काळजाला घरं पडली" असं म्हणतो तेव्हा काळजाला भोक नसतं, पण दुखणं लटकं नसतं. प्रतिमा इतकी भयंकर असेल तर जिच्यासाठी ती वापरली ती गोष्ट हलकी असेल असं म्हणायला आधार नाही.

६. 'सार्वकालिक' या शब्दापाशी थांबा

खरी चढण इथे आहे. मत्तय २५:४६ मध्ये काही जण सार्वकालिक शिक्षेत जातात आणि नीतिमान सार्वकालिक जीवनात. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच विशेषण आहे, आयोनिओस, क्रमांक १६६.

अखंड यातना मानणाऱ्यांचा सर्वात भक्कम खांब हाच. इसवी सन ४२६ च्या सुमारास ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडितानं हाच मुद्दा मांडला: जीवन अनंत धरता, तर शिक्षाही अनंत धरा, एकाच वाक्यात एकाच शब्दाला दोन मापं लावू नका. याला बगल देऊन कुणी पुढे गेला तर समजा त्यानं अभ्यास टाळला.

आता दुसरी बाजू. हिब्रू 'ओलाम' आणि हा ग्रीक शब्द नेहमी अनंतच सांगतात असं नाही. निर्गम २१:६ मध्ये दास धन्याची ओलाम चाकरी करतो, म्हणजे मरेपर्यंत. योना माशाच्या पोटातून म्हणतो की पृथ्वीचे अडसर माझ्यामागे ओलाम लागले (योना २:६). तो तीन दिवसांनी बाहेर आला. रोमकरांस १६:२५-२६ मध्ये तर हेच विशेषण लागोपाठ दोनदा आहे: एकदा होऊन गेलेल्या युगांना, एकदा देवाला. युगं संपली, देव संपत नाही. यहूदा ७ मध्ये सदोम या पापी शहराला लागलेला अग्नी सार्वकालिक म्हटलाय, आणि सदोम जळून संपलं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, सार्वकालिक काय, तर शिक्षेचा परिणाम. शिक्षा देण्याची क्रिया नव्हे. फाशी काही मिनिटांत होते, मरण कायमचं असतं.

सापळा: व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो की इथला 'शिक्षा' हा शब्द, कोलासिस (क्रमांक २८५१), म्हणजे झाडाची छाटणी, सुधारणेसाठी केलेली; म्हणून नरक ही सुधारशाळा. ॲरिस्टॉटलनं सुधारण्यासाठीची शिक्षा आणि सूड असा फरक केला होता, हे बरोबर. पण येशूच्या काळापर्यंत हा शब्द साध्या शिक्षेसाठीही सर्रास चालत होता. एका शब्दाच्या जुन्या मुळावर एवढी मोठी इमारत उभी करू नका. हाच शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो, १ योहान ४:१८ मध्ये, जिथे पूर्ण प्रीती भीती घालवून देते असं म्हटलंय. तेही वाचा, पण शांतपणे.

७. तिन्ही मतं आणि प्रत्येकाच्या घशात अडकणारं वचन

प्रत्येक मताची आवडती वचनं त्यांच्या लोकांकडून सहज मिळतील. तुम्ही अडकणारं वचन विचारा.

अखंड यातनेचं मत. सर्वात जुन्या मोठ्या परंपरेचं, आजही बहुतेक मंडळ्यांचं. आधार: मत्तय २५:४६, प्रकटीकरण १४:११, २०:१०. अडकतं ते मत्तय १०:२८ ला, जिथे गेहेन्नामध्ये आत्मा आणि शरीर दोन्हींचा नाश करू शकणाऱ्याला भ्या असं येशू म्हणतो. नाश म्हणजे नाश होत नाही, हे समजावावं लागतं.

नाशाचं मत. दुष्ट शेवटी संपतात. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट आणि यहोवाचे साक्षीदार हे मानतात, पण तेवढेच नव्हेत. इंग्लंडमधले जॉन स्टॉट हे मोठे इव्हँजेलिकल पाळक १९८८ साली सावधपणे याच बाजूला झुकले आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. अडकतं ते प्रकटीकरण २०:१० ला: रात्रंदिवस, युगानुयुग यातना. तिथे सैतान, पशू आणि खोटा संदेष्टा आहेत असं म्हणून सुटता येतं, पण १४:११ मध्ये माणसं आहेत. तिथला कायम वर चढणारा धूर यशया ३४:१० मधला अदोम देशाचा धूर आहे, हे उत्तर मला पटलं, पण ते उत्तर शोधावं लागतं.

सर्वांच्या तारणाचं मत. शेवटी सगळेच परत येतात. तिसऱ्या शतकातला ओरिजेन आणि चौथ्या शतकातला नीसाचा ग्रेगरी हे याचे जुने वकील. आधार: १ करिंथकरांस १५:२२ आणि २८, कलस्सैकरांस १:२०. ओरिजेनचा ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेत निषेध झाला. ग्रेगरी मात्र संत राहिला. अडकतं ते नाशाकडे नेणाऱ्या रुंद दरवाज्याच्या वचनाला, मत्तय ७:१३.

माझं काय? 'अ' रकान्यात मी नाही लिहिलंय, शाईनं. 'ब' मध्ये हो, शाईनं. 'क' मध्ये कल नाशाकडे आहे, पण तो पेन्सिलीत आहे, आणि मत्तय २५:४६ वाचलं की खोडरबर हातात येतो.

८. मग आपल्या पाळकांना किंवा फादरांना विचारा

वाचून झाल्यावर, आधी नाही. आणि उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलन चालू असताना तर नाहीच. मी तसं केलं. मागे चाळीस माणसं खोळंबली होती, मला "प्रार्थना करा, ब्रदर" एवढंच मिळालं. आठवड्यात फोन करून वेळ घ्या, वही बरोबर न्या, आणि "तुम्ही चुकीचं शिकवता" असं न म्हणता "या वचनाचं तुम्ही काय करता?" असं विचारा. दुसऱ्या खेपेला आमचे पास्टर दीड तास बसले. शेवटी म्हणाले की लूक १६ वर मयताच्या घरी मी कधीच बोलत नाही.

कॅथॉलिक असाल तर तुमच्या ख्रिस्तसभेची शिकवण लेखी आहे. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद १०३५ नरकाचं अस्तित्व आणि त्याचं सार्वकालिकत्व मान्य करतो. मुख्य शिक्षा मात्र देवापासून कायमची ताटातूट अशी सांगतो. २८ जुलै १९९९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या श्रोत्यांना सांगितलं की बायबलमधल्या प्रतिमा नीट समजून घ्यायला हव्यात, नरक ही जागा म्हणण्यापेक्षा देवापासून स्वतःहून दूर झालेल्यांची अवस्था आहे. आमचे तीन रकाने लावून बघा: अ नाही, ब हो, क हो. खालच्या आंटींना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अवस्था म्हणजे काय ते मला विचार, मी ठाणे स्टेशनवर संध्याकाळी साडेसहाला उतरते."

९. दुःखातल्या माणसानं विचारलं तर

वही मिटा.

मी मिटली नव्हती. दोन वर्षांनी एका रविवारी दुपारी आईसमोर बसलो आणि शेओलपासून सुरुवात केली. क्रमांक, ६५ वेळा, किंग जेम्स. ती तांदूळ निवडत होती. पाचेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "बाळा, मला शब्द नको सांगूस. एक काहीतरी वाचून दाखव."

कुठलं वाचावं सुचेना. हाताशी उत्पत्ती ३७ उघडं होतं, तेच वाचलं. रक्तानं माखलेला झगा बघून याकोबानं कपडे फाडले, मुलं-मुली सांत्वन करायला आली, तो ऐकेना, म्हणाला की मी शोक करत अधोलोकात माझ्या मुलाकडे जाईन.

"मुलाकडे," आई म्हणाली. "म्हणजे जिथे कुठे असेल तिथे."

"हो."

ती पुन्हा तांदळाकडे वळली. थोड्या वेळानं विचारलं, पान कितवं. मी तिच्या बायबलमध्ये खूण म्हणून खिशातलं टीएमटी बसचं तिकीट घातलं. त्यावरची छपाई आता उडालीये, पण ते तिथेच आहे.